२४१ विरुद्ध १७

मोबाइल घरीच ठेवा. मनगटावरचं घड्याळही काढा. बूट मात्र असे घाला की परत आल्यावर फेकून दिले तरी जिवाला लागणार नाही. आपण निघालोय लंडनला, १८८९च्या मार्च महिन्यात. तिथे रस्त्यावर चिखल कुठे संपतो आणि घोड्याची लीद कुठे सुरू होते, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

डोळे उघडा. अंधारच दिसतोय, कारण तुम्ही भुयारी रेल्वेत आहात. आपल्या मेट्रोचा थंडगार डबा विसरा. ही गाडी वाफेचं इंजिन ओढतंय, तेही बोगद्यातून, कोळसा जाळत. डब्यात गॅसचा मिणमिणता दिवा. घशाला गंधकाची चव आलीय, डोळे चुरचुरतायत, आणि समोरचे गृहस्थ त्या धुरात आपलीही भर घालायला निवांतपणे पाइप पेटवतायत. हॅमरस्मिथला उतरून जिना चढेपर्यंत खोकून खोकून तुमच्या बरगड्या दुखायला लागतात. नाक पुसा आणि रुमाल बघा. काजळी! घाबरू नका, इथे सगळ्यांचेच रुमाल तसे असतात.

वर मोकळी हवा मिळेल या भ्रमात राहू नका. घराघरांतल्या धुराड्यांमधून निघालेला धूर ढगांखाली अडकून रस्त्यावर उतरलाय. भर दुपारी दुकानांत दिवे लागलेत. दोन घोड्यांच्या ओम्निबसची चाकं लोखंडी धावांनिशी दगडी फरसबंदीवरून जाताना असा खडखडाट करतायत की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. एक पोरगा झाडूने लीद बाजूला सारून बायकांना रस्ता ओलांडायला वाट करून देतोय, एका पेनीच्या आशेवर. तरी प्रत्येकीच्या घोळदार झग्याची कड चिखलाने जड झालेलीच आहे. कोपऱ्यावर भाजलेल्या बटाट्यांची गाडी दिसतेय ना? एक घ्या आणि खिशात ठेवा. इथली रीत अशी की बटाटा आधी हात शेकायला आणि मग खायला.

या गर्दीत मराठी कानावर पडणं कठीण. पण मुंबईच्या रखमाबाई डॉक्टर व्हायला याच साली या शहरात येतायत. त्याही पहिले काही दिवस अशाच खोकल्या असणार.

बटाटा संपेपर्यंत तुम्ही वेस्ट लंडन हॉस्पिटलच्या दाराशी पोचता. आत पाऊल टाकताच रस्त्याचा वास मागे पडतो आणि कार्बोलिक अ‍ॅसिडचा उग्र, डांबरासारखा वास नाकात घुसतो. बाह्यरुग्ण विभागात लाकडी बाकड्यांवर माणसं खेटून बसलीत. ओले लोकरी कोट, रडणारी पोरं, खोकल्याची उबळ. दाटीवाटीने तुम्हीही बसा. शेजारी चाळिशी उलटलेली एक बाई आहे. शाल डाव्या बाजूला घट्ट धरलीय. तिला काही विचारू नका, विचारलंत तरी सांगणार नाही. आंघोळ करताना गाठ हाताला लागली त्याला वर्ष होऊन गेलं. दुखत नव्हती, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. आता वरची कातडी फाटलीय. वास येऊ नये म्हणून तिने लॅव्हेंडरचं पाणी शिंपडलंय, आणि त्या दोन वासांची सरमिसळ तुमच्यापर्यंत पोचतेय. चेहरा निर्विकार ठेवा. तिचं तुमच्याकडे लक्ष आहे.

शस्त्रक्रियेची खोली लांबूनच बघू. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आणि त्यावर कार्बोलिकचा जळजळीत थर. सर्जनचे हात भराभर चालतात. इथले हात कुशल आहेत, त्याबद्दल शंका नको. गाठ निघते, टाके पडतात, जखम भरते, बाई घरी जाते. आणि वर्षा-दोन वर्षांनी कंबर धरून किंवा पिवळे पडलेले डोळे घेऊन पुन्हा त्याच बाकड्यावर येऊन बसते. या वेळी दुखणं हाडात आहे किंवा यकृतात, आणि त्याला कापण्याजोगं काही उरलेलं नाही.

असं का होतं, यावर इथल्या डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर आहे. गाठीचे कण रक्तातून वाहत जातात आणि जिथे अडकतील तिथे वाढतात. म्हणजे सगळा नशिबाचा खेळ.

हे उत्तर ज्याच्या पचनी पडत नाही तो माणूस याच हॉस्पिटलात आहे. स्टीफन पॅजेट, वय ३३, असिस्टंट सर्जन. वडील सर जेम्स पॅजेट मोठे नावाजलेले. स्तनाग्राच्या एका कर्करोगाला आजही त्यांचंच नाव आहे. मुलाने हातातली सुरी बाजूला ठेवून भलताच उद्योग मांडलाय. स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी जमवायच्या आणि रोग कुणाच्या कुठल्या अवयवात पोचला होता, ते मोजायचं. गॅसच्या दिव्याखाली, त्यांच्या खांद्यावरून हळूच डोकावा. यकृत : २४१. प्लीहा : १७.

हे दोन आकडे पुन्हा वाचा. प्लीहा म्हणजे पोटात डाव्या बाजूला असलेली पानथरी. तिलाही भरपूर रक्त मिळतं. कण जर आंधळेपणाने वाहत असतील, तर २४१ आणि १७ एवढी तफावत पडेलच कशी? हाडांचंही तसंच. मांडीच्या हाडात रोग वारंवार सापडतो, हातापायांच्या बोटांच्या हाडांत जवळजवळ कधीच नाही. पॅजेट यांचा निष्कर्ष त्याच मार्चमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून येतो. रोप आपलं बी चहूकडे उधळतं, पण ते रुजतं मानवणाऱ्या मातीतच. तोवर बहुतेक सगळे बियांचाच अभ्यास करत होते. मातीकडेही बघा, असं या माणसाने सांगितलं.

मात्र बीला आपली माती कळते कशी, हा प्रश्न १८८९मध्ये विचारूनही उपयोग नाही. त्याचं उत्तर शोधायला इथे साधनंच नाहीत. चला पुढे.

कोट काढा, बाह्या वर सारा. आता आपण १९५०च्या दशकात आहोत, अमेरिकेत, मिसिसिपीकाठच्या सेंट लुइस शहरात. उन्हाळा ऐन भरात. मुंबईकर असाल तर मे महिन्यातली घामाची चिकचिक ओळखीची वाटेल. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत शिरताच पिंजऱ्यांतला भुसा आणि उंदरांचं मूत यांचा वास नाकात झणझणतो. त्यावर पाइपच्या तंबाखूचा दरवळ. पाइप आहे बायोकेमिस्ट स्टॅन्ली कोहेन यांचा, आणि त्यांच्या पायाशी घुटमळणारा गावठी कुत्राही त्यांचाच. त्याचं नाव स्मॉग. म्हणजे लंडनचं धुरकं इथेही तुमचा पिच्छा सोडत नाहीच! इटलीतल्या तुरिनहून आलेल्या रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांच्याबरोबर कोहेन नसा वाढवणाऱ्या एका पदार्थाच्या मागे लागलेत, आणि तो उंदराच्या लाळग्रंथीत भरपूर सापडलाय.

या ट्रेमध्ये बघा. आजकालचीच पिल्लं आहेत. गुलाबी, केसविरहित, बोटाच्या पेराएवढी. डोळ्यांवर पातळ कातडी ताणलेली आहे आणि आतला काळा ठिपका पुसटसा दिसतोय. उंदराचं पिल्लू डोळे उघडतं साधारण बारा ते चौदा दिवसांनी. पण शेजारच्या ट्रेमधली, लाळग्रंथीचा अर्क टोचलेली ही पिल्लं सातव्याच दिवशी तुमच्याकडे टकामका बघायला लागलीत. दातही वेळेआधी आलेत. नसांशी याचा काहीएक संबंध नाही. दुसऱ्या कुणी वहीत एक ओळ लिहून विषय सोडून दिला असता. कोहेन यांनी तो पदार्थच वेगळा काढायचं मनावर घेतलं. नॅशव्हिलला गेल्यावर १९६२मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्या पदार्थाचं नाव पुढे ‘ईजीएफ’, म्हणजे त्वचेच्या पेशींची वाढ करणारा घटक, असं रूढ झालं. १९८६मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं.

आता थोडं तुमच्या स्वतःच्या शरीरात डोकावू. कागदाने बोट कापलं की काय होतं, आठवा. कापलेल्या कडेच्या पेशी शेजारणीचा धरलेला हात सोडतात, सपाट होतात, सरपटत जखमेच्या मध्याकडे निघतात, वाटेत विभागून संख्या वाढवतात आणि फट बुजली की थांबतात. हे सगळं करायला सांगणाऱ्यांपैकी एक म्हणजे हा ईजीएफ. गंमत अशी की आपलं काम सांगायला त्याला पेशीच्या आत शिरावं लागत नाही. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले रेणू असतात, ते रिसेप्टर. त्यांचं एक टोक बाहेर आणि एक आत. बाहेरच्या टोकाला ईजीएफ चिकटला की दोन रिसेप्टर जवळ येऊन जोडी जमवतात. त्यांच्या आतल्या शेपटांवर फॉस्फेट चढतात. तिथून निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात थेट केंद्रकापर्यंत पोचतो, आणि हा सगळा कारभार काही मिनिटांत उरकतो. काम झालं की पेशी ते रिसेप्टर आत ओढून मोडीत काढते. ‘सुरू कर’ इतकंच ‘थांब’ही महत्त्वाचं, हे ध्यानात ठेवा. पुढच्या मुक्कामाला बिघडलंय ते नेमकं तेच.

मुक्काम : लॉस एंजेलिस, १९८०च्या दशकाचा मध्य. खिडकीतून डोंगर दिसायला हवेत, पण त्यांच्यावर तपकिरी थर पसरलाय. आता हा मोटारींचा धूर. एव्हाना तुम्ही सरावलेले आहात. विद्यापीठाच्या इमारतीत फ्रीजरचं झाकण उघडलं की पांढरं धुकं बाहेर येतं आणि बर्फाने पोळलेली बोटं तुम्ही झटकन मागे घेता. आत लहान-लहान नळ्या आहेत. प्रत्येकीत कुणा बाईच्या गाठीचा वाटाण्याएवढा तुकडा. त्यांतल्या बऱ्याचशा टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओहून आल्यात. तिथे विल्यम मॅकग्वायर यांनी अशा गाठी गोठवून जपून ठेवल्यात, आणि कुठल्या बाईचं पुढे काय झालं याच्या नोंदीही. साउथ सॅन फ्रान्सिस्कोच्या जेनेन्टेक कंपनीतले अ‍ॅक्सेल उलरिश यांच्याकडे ईजीएफ रिसेप्टरच्या भावंडाचं जनुक आहे. त्याचं नाव हर-टू. आणि इथले डॉक्टर डेनिस स्लॅमन यांच्याकडे गाठी आहेत. दोघांनी एकमेकांकडचं एकत्र आणायचं ठरवलंय.

टेबलावर एक चमत्कारिक मनोरा दिसतोय? हात पुसायच्या कागदांची चळत, वर काच, काचेवर वजन. हसू नका. त्या काळातली रेण्वीय जीवशास्त्राची मोठीमोठी कामं याच कागदांच्या जोरावर झालीत. कोरडे कागद खालचं द्रावण वर शोषून घेतात, आणि त्याबरोबर जेलमधले डीएनएचे तुकडे वर ठेवलेल्या पातळ पडद्यावर येऊन चिकटतात. मग किरणोत्सारी खूण लावलेला हर-टूचा तुकडा त्या पडद्यावर सोडायचा, एक्स-रे फिल्म लावायची आणि वाट बघायची.

चला डार्करूममध्ये. लाल दिवा, कोंदट उकाडा, फिक्सरचा आंबट वास. फिल्म ट्रेमध्ये हलवत राहा. राखाडी काचेसारख्या फिल्मवर हळूहळू पट्टे उमटतात. एक फिकट, दुसरा फिकट, तिसराही फिकट. आणि मग एक पट्टा असा उमटतो की जणू शाई सांडलीय. त्या बाईच्या गाठीत हर-टूच्या जनुकाच्या दोन प्रतींऐवजी कितीतरी प्रती आहेत. १८९ गाठी तपासून झाल्यावर हिशेब लागतो. सुमारे ३० टक्क्यांमध्ये ही भानगड आहे, आणि ज्यांच्या प्रती जास्त, त्यांच्याकडे रोग लवकर परतलाय. १९८७मध्ये हे छापून येतं, तेव्हा एक गोष्ट पक्की होते. पॅजेट यांच्या बियांपैकी काही बियाच मुळात वेगळ्या असतात.

वेगळ्या म्हणजे कशा? निरोगी पेशीवर हर-टूचे रिसेप्टर हजारांच्या घरात असतात. बिघडलेल्या पेशीवर ते २० लाखांपर्यंत जातात. एवढी दाटी झाली की निरोप्याची वाट कोण बघतो? तसाही हर-टूला स्वतःचा ठरलेला निरोप्या नाहीच. ते आपापसांत किंवा ईजीएफ रिसेप्टरच्या इतर भावंडांशी जोड्या जमवतात, आणि आतली शेपटं न थांबता हुकूम सोडत राहतात. वाढ. मरू नकोस. शेजारणीला सोड. पेशी मग आसपासचं जाळं कापणारी विकरं ओतते, पुढे पाय काढते आणि सरकायला लागते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या शास्त्रज्ञांनी तर जिवंत उंदराच्या गाठीत सूक्ष्मदर्शक रोखून हा प्रवास पाहिला. मॅक्रोफेज या आपल्याच संरक्षक पेशी ईजीएफ सोडतात, कर्करोगाची पेशी त्या बदल्यात मॅक्रोफेजला बोलावणारा पदार्थ सोडते, आणि दोघी एकमेकींच्या ओढीने रक्तवाहिनीपर्यंत पोचतात. घराची किल्ली चोराच्या हाती राखणदारानेच द्यावी, तसला प्रकार.

रक्तात उतरल्यावर पुढे कुठे? शेवटचा थांबा २००१, कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो. इथे वास नाही, गोंगाट नाही, फक्त एसीची घरघर. पण पॅजेट यांना मनगट धरून ओढत आणावं, असं काही इथे सापडलंय. आन्या म्युलर, अल्बर्ट झ्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ नावाचा रिसेप्टर शोधलाय. हा मूळचा पांढऱ्या पेशींचा. शरीरात कुठे जायचं हे त्यांना त्याच्यामुळे समजतं. त्याला ओढून घेणारा पदार्थ कुठे जास्त तयार होतो, ते त्यांनी अवयवागणिक मोजलं. लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा. हा रोग नेमका जिथे जातो, तीच ही यादी. उंदरांमध्ये प्रतिपिंडाने हा रिसेप्टर अडवला, तर फुप्फुसात आणि लसिकाग्रंथींत होणारा प्रसार घटला. सगळं खापर या एकट्या रिसेप्टरवर फोडता येणार नाही, असे आणखी कितीतरी आहेत. पण माती बीला बोलावते आणि बीला ते कळतं, एवढं ११२ वर्षांनी सिद्ध झालं.

या सगळ्या भटकंतीत एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. कर्करोग नवं काहीच शोधून काढत नाही. जखम भरताना सरकायचं कसं, हे पेशीला आधीच येत असतं. पांढऱ्या पेशींचा रस्ताही आधीपासूनच आखलेला असतो. कर्करोग फक्त हे हुकूम अवेळी वापरतो आणि ‘थांब’ ऐकत नाही. पण हुकूम बाहेरच्या टोकापासून सुरू होत असेल, तर तिथेच अडवताही येतो. हर-टूच्या बाहेरच्या टोकाला जाऊन बसणारा प्रतिपिंड, ट्रास्टुझुमाब, १९९८मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, हर-टू जास्त असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीने तो दिला, तर रोग परतण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, हे २००५मध्ये दिसलं.

परत आलात? बूट दाराबाहेरच ठेवा आणि दोन गोष्टी ऐका.

पहिली, आपल्याकडची. मुंबईत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास २० वर्षं चालवला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासणी केली. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. ना मोठं यंत्र, ना महागडी चाचणी. बी वाऱ्यावर जायच्या आत ते हातांना सापडलं, इतकंच.

दुसरी, तुमच्या घरातली. ‘दुखत नाही ना, मग असू दे’ हे वाक्य लंडनमधल्या त्या बाकड्यावरच्या बाईचं होतं. ते आपल्या स्वयंपाकघरांत आजही ऐकू येतं. सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाहीच. म्हणून आई, बहीण, बायको, मावशी, कुणाच्याही हाताला गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की ‘कितवी स्टेज?’ एवढंच विचारून थांबू नका. ईआर, पीआर (हे संप्रेरकांचे रिसेप्टर) आणि हर-टू काय आलंय, तेही विचारा. कुठले उपचार लागू पडतील, हे बरंचसं त्या तीन ओळींवर ठरतं.